गोव्यात पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला तर पहिले चोवीस तास कोणाच्या हातात?

मांडवीकाठ (धागाकर्ता)

पोलिसांच्या गोळीने कुणाचा जीव गेला की चर्चा लगेच दोन टोकांना जाते. मेलेला गुन्हेगार होता की नव्हता, पोलीस शूर की खुनी. ज्या पुराव्यावर या प्रश्नांचा निकाल लागणार, तो पुरावा त्या वेळी गोळी झाडणाऱ्यांच्याच सहकाऱ्यांच्या हातात असतो, आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा.

गोव्यात कागदावर देखरेख बरीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापन करायला सांगितली. गोव्यात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण २००७ मध्ये आले. राज्य मानवी हक्क आयोग आहे, पर्वरीला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. पण या सगळ्या यंत्रणा बहुधा तक्रार आल्यावरच कामाला लागतात. तोवर जागा धुतली गेलेली असते, हत्यार साफ होऊन शस्त्रागारात परतलेले असते आणि मृतदेहाला अग्नी दिलेला असतो.

२३ सप्टेंबर २०१४ च्या पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १६ सूचना दिल्या. संविधानाच्या कलम १४१ खाली त्या कायद्यासारख्याच बंधनकारक आहेत, गोव्यालाही. चोवीस तासांच्या दृष्टीने त्यातल्या महत्त्वाच्या अशा:

गुप्त खबर मिळाली असेल तर ती निघण्याआधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात नोंदवायची. संशयिताचा तपशील किंवा पथक जाणार ते ठिकाण त्यात नसले तरी चालते. मृत्यू झाला की एफआयआर नोंदवून विनाविलंब न्यायालयाला पाठवायचा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस स्थानकाच्या पथकाने करायचा, आणि त्यावर देखरेख ठेवणारा अधिकारी चकमकीतल्या पथकप्रमुखापेक्षा किमान एक पायरी वरचा हवा. दंडाधिकारी चौकशी प्रत्येक प्रकरणात. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी, चित्रीकरणासह. गोळीबारात वापरलेली हत्यारे तपासणीसाठी जमा करायची. कुटुंबाला लवकरात लवकर कळवायचे. शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत पदक नाही, बढती नाही.

यातले कोणते पाऊल कुठे आणि का घसरते, तेवढेच इथे लिहूया. कुठल्याही चालू प्रकरणातल्या व्यक्तीचे नाव नको.

---

चिरेबंदी

पुराव्याच्या बाजूने लिहितो. सगळ्यात आधी हात.

गोळी झाडल्यावर हातावर बसणारे कण फार काळ टिकत नाहीत. जिवंत माणूस हात धुतो, खिशात घालतो, घाम पुसतो. चार-सहा तासांत बहुतेक कण जातात, म्हणून नमुना घटनास्थळीच घ्यायचा. मृताच्या हातांवर कागदी पिशव्या बांधायच्या, प्लास्टिकच्या नव्हे. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना बिघडतो, आपल्याकडे पावसाळ्यात तर हमखास. मृताइतकेच महत्त्वाचे म्हणजे गोळीबारात असलेल्या प्रत्येक पोलिसाच्या हातांचे नमुने. ते घ्यायचे कोणाला सुचत नाही, आणि नंतर "गोळी नेमकी कोणी झाडली" यावर तीन जबान्या तीन बाजूंना जातात.

एक सावधगिरी: मृताच्या हातावर कण सापडले म्हणजे त्याने गोळी झाडली, असे होत नाही. जवळून गोळी लागलेल्या माणसाच्या हातावरही ते बसतात. अहवालात ही शक्यता लिहिलेली नसेल तर वकिलाने उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच विचारावा.

मग अंतर. पिस्तुलाच्या जखमेभोवती काजळी दिसली तर नळी साधारण १५ सेंमीच्या आत होती. कातडीत रुतलेल्या दारूकणांचे ठिपके साधारण ६० ते ९० सेंमीपर्यंत मिळतात. त्यापलीकडे दोन्ही नसतात. हे आकडे हत्यार आणि काडतूस बदलले की बदलतात, त्यामुळे त्याच हत्याराने, त्याच बनावटीच्या काडतुसाने चाचणी गोळीबार केल्याशिवाय अंतरावर ठाम मत देऊ नये. "पळताना दहा मीटरवरून गोळी मारली" आणि "झटापटीत गोळी सुटली" यांतले खरे कोणते, ते इथे ठरते.

अंगावर कपडे असतील तर हे कण आधी कपड्यावर बसतात. जखमीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) आणले की आपत्कालीन विभागात कपडे कापून काढतात. जीव वाचवायची घाई असते, त्यात गैर काही नाही. पण कात्री गोळीच्या भोकातून जाता कामा नये आणि कपडे कचऱ्याच्या पिशवीत जाता कामा नयेत. सावलीत वाळवून, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात, सही आणि वेळेसह. ओला कपडा प्लास्टिकमध्ये बांधून वेर्ण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला, तर तिथे बुरशी उघडावी लागते.

शवविच्छेदनाआधी संपूर्ण शरीराचा एक्स-रे. गोळी शरीरात असेल तर धातूच्या चिमट्याने काढायची नाही, नाहीतर नळीने उमटवलेल्या रेघांवर चिमट्याच्या रेघा चढतात आणि जुळणी अडते. बोटांनी किंवा रबर चढवलेल्या चिमट्याने काढावी.

आणि माती. पीयूसीएलच्या सूचनांत रक्त मिसळलेली माती जपायला सांगितले आहे. आपल्या जांभ्याच्या तांबड्या मातीवर डाग नजरेने ओळखणे कठीण, शिवाय तिच्यातल्या लोहामुळे काही प्राथमिक चाचण्या फसव्या लागू शकतात. म्हणून डागाशेजारची स्वच्छ मातीही तुलनेसाठी घ्यावी लागते. जून ते सप्टेंबरमध्ये पहिली सर येण्याआधी जागेवर ताडपत्री पडली नाही, तर पुढचा पंचनामा केवळ कागदापुरता.

---

खाजन

+१ चिरेबंदी. यात एक भर. शवविच्छेदन सूर्यास्तानंतर करायला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू यांना त्यातून वगळले. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच अपवाद. तेव्हा गोळीबारातल्या मृताचे शवविच्छेदन रात्री उरकायची घाई दिसली तर कारण लेखी मागा.

---

सत्तरीचा_वारा

धागा चांगला आहे, पण पोलिसाची बाजू कायद्यातच काय आहे तेही यावे.

गोळी झाडायचा वेगळा परवाना पोलिसाला नाही, हे खरे. त्याला खासगी संरक्षणाचा तोच हक्क आहे जो तुम्हा-आम्हाला आहे, म्हणजे भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४. अटक करताना लागेल तेवढे बळ वापरता येते, पण नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या) कलम ४३(४) प्रमाणे ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेचा आरोप नाही अशा माणसाचा अटकेसाठी जीव घेता येत नाही. जमाव पांगवायचा असेल तर कलम १४८, आणि तो आदेश कार्यकारी दंडाधिकाऱ्याने किंवा स्थानकाच्या प्रभारी अधिकाऱ्याने द्यायचा. प्रभारी नसेल तर किमान उपनिरीक्षकाने. एखाद्या शिपायाने स्वतःच्या मनाने जमावावर गोळी झाडली तर या कलमाचे छत्र त्याच्या डोक्यावर नाही.

पण मैदानात अडचण वेगळीच असते. आदेश तोंडी दिला जातो. मामलेदार किंवा उपजिल्हाधिकारी जागेवर पोचेपर्यंत दगड सुरू झालेले असतात. नंतर "आदेश कोणी दिला" यावर वरिष्ठ हात झटकतात आणि शिपाई एकटा पडतो. वायरलेसवर दिलेल्या आदेशाची वेळ नियंत्रण कक्षाच्या नोंदवहीत त्याच मिनिटाला चढली, तर हा शिपाई वाचतो. स्वतंत्र देखरेखीची सगळ्यात जास्त गरज कनिष्ठ पोलिसालाच आहे, हे पोलिसांच्या वसाहतीतही सांगायला हवे.

हत्यारांबद्दल: शस्त्रागाराच्या नोंदवहीत रायफलीचा बट नंबर, पिस्तुलाचा क्रमांक, दिलेल्या काडतुसांची संख्या आणि घेणाऱ्याची सही असते. परत करताना उरलेली काडतुसे आणि झाडलेल्यांची रिकामी पुंगळी. जमाखर्च जुळला पाहिजे. गडबड दोन ठिकाणी होते. एक, गोळीबारानंतर हत्यार "नेहमीप्रमाणे" साफ करून जमा होते. साफ केलेल्या नळीत शेवटचा गोळीबार कधी झाला याचा मागमूस उरत नाही. दोन, पथकातले सगळे आपापली हत्यारे एकाच पेटीत ठेवतात. खरे तर प्रत्येक हत्यार मॅगझिनसह वेगळे, जागेवरच सीलबंद व्हायला हवे, आणि पोलिसाला लगेच दुसरे द्यायला हवे. नाहीतर पथक निःशस्त्र राहील या सबबीवर सील टाळले जाते. पर्यायी हत्याराची तरतूद स्थायी आदेशात नसते, म्हणून पीयूसीएलची सूचना १३ (हत्यारे तपासणीसाठी जमा करणे) पाळणे प्रत्यक्षात जमत नाही. हा दोष शिपायाचा नाही, आदेश लिहिणाऱ्यांचा आहे.

---

दीपमाळ

एफआयआर नोंदवायचा हे मांडवीकाठ यांनी लिहिले, पण खरी मेख "कोणाविरुद्ध" यात आहे.

नेहमीची पद्धत अशी: पोलीसच फिर्यादी होतात आणि मृताविरुद्ध खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवतात, न्याय संहितेचे कलम १०९. मग तपास कशाचा होतो? मृताने गोळी झाडली का, याचा. आरोपी मेला असल्याने प्रकरण आपोआप मिटते. पोलिसांची गोळी आवश्यक होती का, हा प्रश्न त्या फाईलमध्ये येतच नाही. एफआयआरच्या सूचना २ ची अक्षरशः पूर्तता होते आणि हेतू मारला जातो.

बदलापूर प्रकरणाचा प्रवास इथे पाहण्यासारखा आहे. २३ सप्टेंबर २०२४ ला पोलीस व्हॅनमध्ये आरोपीचा गोळीने मृत्यू झाला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात व्हॅनमधल्या पाच पोलिसांना जबाबदार धरले गेले, आणि तो जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आला. तरीही गुन्हा लगेच नोंदला नाही. ७ एप्रिल २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाला विशेष तपास पथक नेमून गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यावा लागला. पुढे पथक पोलीस महासंचालकांनी नेमावे, एवढा बदल सर्वोच्च न्यायालयाने केला. आपले खंडपीठ त्याच उच्च न्यायालयाचे आहे, तेव्हा हा आदेश गोव्यातल्या वकिलांनी हाताशी ठेवावा.

दंडाधिकारी चौकशीबद्दलही घोळ होतो. मृत्यू पोलीस कोठडीत झाला असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९६(२) लागते, आणि तिथे नुसते "दंडाधिकारी" असे म्हटले आहे. याच संहितेच्या कलम ३ प्रमाणे विशेषणाशिवाय दंडाधिकारी म्हटले की तो न्यायदंडाधिकारी. म्हणजे उपजिल्हाधिकाऱ्याची चौकशी तिथे पुरत नाही. व्हॅनमध्ये नेताना, घटनास्थळ दाखवायला नेताना, रुग्णालयात पहाऱ्याखाली असताना झालेला मृत्यू हाही कोठडीतलाच. कोठडीतल्या मृत्यूची खबर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत द्यावी लागते, हा डिसेंबर १९९३ पासूनचा दंडक आहे.

---

खाजन

दीपमाळ, मंजुरीचे काय? खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते म्हणतात, आणि तिथेच सगळे कुजते.

---

दीपमाळ

अर्धे खरे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ ची मंजुरी फक्त त्या लोकसेवकांसाठी, ज्यांना सरकारच्या मंजुरीशिवाय पदावरून दूर करता येत नाही. शिपाई, हवालदार सहसा त्यात येत नाहीत. राज्याने पोटकलम ३ खाली वेगळी अधिसूचना काढली असेल तर गोष्ट निराळी. म्हणून प्रत्येक आरोपीची नेमणूक कोणाच्या सहीने झाली ते आधी पाहायचे. जमाव पांगवताना झालेल्या कृतीसाठी मात्र कलम १५१ चे संरक्षण हुद्द्यावर अवलंबून नाही.

नव्या संहितेत एक मोठा बदल झाला आहे. मंजुरीच्या अर्जावर सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी दिली असे मानले जाते. म्हणून अर्ज पोचल्याची तारीख जपून ठेवा. त्या दिवसापासून मोजायचे.

---

पाटाचे_पाणी

तक्रार प्राधिकरणाविषयी लिहितो, कारण तिथे लोकांच्या अपेक्षा आणि अधिकार यांत अंतर आहे.

प्रकाश सिंग निकालात दोन थर होते: जिल्हा प्राधिकरण उपअधीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्यांसाठी, राज्य प्राधिकरण अधीक्षक आणि त्यावरच्यांसाठी. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार ही प्रकरणे राज्य प्राधिकरणाकडे. शिफारस बंधनकारक राहील, असेही त्यात स्पष्ट आहे. आपल्या छोट्या राज्यात काम एकाच राज्यस्तरीय प्राधिकरणावर चालले आहे. ते विधानसभेच्या कायद्याने नव्हे, सरकारी आदेशाने आलेले आहे. पोलीस दल अजून १८६१ च्या पोलीस कायद्याखाली चालते. २००८ मध्ये गोवा पोलीस विधेयक आले, पण त्याचा कायदा झाला नाही. आदेशावर उभ्या असलेल्या संस्थेचा अध्यक्ष निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, की सुनावण्या थांबतात. कायद्यात "इतक्या दिवसांत जागा भरा" अशी अट असती तर निदान न्यायालयात बोट ठेवायला जागा मिळाली असती.

दुसरी अडचण तपासनीसांची. स्वतःचे तपासनीस नसतील तर प्राधिकरण कागदपत्रे पोलिसांकडूनच मागवणार, आणि ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्याच खात्याने रचलेली फाईल वाचून निष्कर्ष काढणार. अध्यक्ष कितीही निःस्पृह असला तरी त्याला दिसते तेवढेच, जेवढे फाईलमध्ये आहे.

उत्तर आयर्लंडचे उदाहरण गोव्याने घ्यावे असे माझे ठाम मत आहे. तोही लहान प्रदेश, पोलीस आणि लोक एकमेकांना ओळखणारे. तिथले पोलीस लोकपाल कार्यालय २००० साली सुरू झाले. पोलिसांच्या कृतीमुळे मृत्यू झाला असे वाटले की पोलीस प्रमुखाला ते प्रकरण त्यांच्याकडे पाठवावेच लागते, कुटुंबाच्या तक्रारीची वाट पाहायची नसते. आणि त्या कार्यालयाचे स्वतःचे तपासनीस आहेत, पोलिसांचे अधिकार असलेले.

---

सत्तरीचा_वारा

पाटाचे_पाणी, तपासनीस आणणार कुठून? बाहेरून अननुभवी माणसे नेमली तर घटनास्थळाची वाट लागेल. आणि पोलिसांतूनच निवृत्त घेतले तर पुन्हा तीच ओळखीपाळखी.

---

पाटाचे_पाणी

प्रश्न रास्त आहे. गोव्यात म्हापशाच्या पथकाने गोळी झाडली आणि तपास रायबंदरच्या गुन्हा शाखेकडे दिला, तर कागदावर पथक वेगळे. पण निरीक्षक-उपनिरीक्षक बदल्यांवर फिरत त्याच पाच-सहा स्थानकांत असतात, कालचा सहकारी आजचा तपास अधिकारी. "दुसरे पोलीस स्थानक" ही अट मोठ्या राज्यात थोडीफार चालते, इथे ती पुरत नाही.

आयपीएस अधिकारी मात्र अरुणाचल-गोवा-मिझोराम-केंद्रशासित संयुक्त केडरमधून येतात. याच केडरमधला, गोव्यात कधी नेमणूक न झालेला अधीक्षक तपासावर देखरेखीसाठी आणता येतो, तोही प्रकरणापुरता. धोका एवढाच की मध्येच बदली होऊन तो दिल्लीला जातो आणि फाईल नव्या माणसाकडे पहिल्या पानापासून सुरू होते. म्हणून नेमणुकीच्या आदेशात "अंतिम अहवालापर्यंत" हे शब्द हवेत. घटनास्थळासाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे तज्ज्ञ आणि गोमेकॉच्या न्यायवैद्यक विभागाचे डॉक्टर पोलिसांच्या आदेशसाखळीत नसलेले मिळू शकतात. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर यायचे, ही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) ची तरतूद राज्याने अधिसूचित करायची आहेच. तिच्यात "पोलीस गोळीबार" स्पष्ट लिहून घ्या.

---

चिरेबंदी

याला पूर्ण पाठिंबा. फक्त एक अट घाला: तज्ज्ञ पोचेपर्यंत जागेची राखण गोळीबारातल्या पथकाने करायची नाही. जखमीला उचलायला आत गेलेला प्रत्येक माणूस, त्याची वेळ आणि वाट नोंदवायची. मदत थांबवायची नाही, नोंद थांबवायची नाही. आणि गोळीबारातल्या पोलिसांना एकाच खोलीत बसवून एकच जबानी लिहू देऊ नका. सारख्याच शब्दांच्या पाच जबान्या न्यायालयात खऱ्या असूनही खोट्या वाटतात.

---

मांडवीकाठ

कुटुंबाने काय करावे हे बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारले. थोडक्यात नाही, नीटच लिहितो.

पहिल्या दिवशी: मरणोत्तर पंचनाम्याला आणि मृतदेह ओळखायला हजर राहा. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी, चित्रीकरणासह व्हावे असा एका पानाचा अर्ज गोमेकॉच्या न्यायवैद्यक विभागाला आणि दंडाधिकाऱ्याला द्या, पोच घ्या. अहवाल हाती येईपर्यंत दफन-दहनाची घाई करू नका. दहनच करायचे असेल तर आधी वकिलाशी बोला, कारण दुसरे शवविच्छेदन मागायची वाट त्यानंतर बंद होते. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण, क्रमांक १५१००.

त्याच दिवशी सीसीटीव्ही. पोलीस स्थानकातले चित्रण १८ महिने, आणि ते शक्यच नसेल तर किमान एक वर्ष ठेवायचे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीर सिंग सैनी निकालाचा, २ डिसेंबर २०२० चा आदेश आहे. पण वाटेवरचे दुकान, बार, पेट्रोल पंप यांच्या यंत्रणा साधारण १५ ते ३० दिवसांत जुने चित्रण पुसतात. मालकाला लेखी विनंती करा, त्याची प्रत तपास अधिकाऱ्याला. नंतर ते चित्रण न्यायालयात टिकायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र लागते, म्हणून फोनवर फोनचे चित्रीकरण करून समाधान मानू नका.

गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली अधीक्षकांना टपालाने, आणि तरीही काही झाले नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्याकडे. पीयूसीएलची कार्यपद्धती पाळली नाही असे वाटल्यास सूचना १६ प्रमाणे त्या हद्दीच्या सत्र न्यायाधीशांकडे थेट तक्रार करता येते. हा मार्ग फार कमी लोकांना ठाऊक आहे. मानवी हक्क आयोगाकडे जायचे तर घटनेपासून एक वर्षाच्या आत. तक्रार प्राधिकरणाला वेगळा अर्ज. एकीकडे गेले म्हणून दुसरीकडे जायचे नाही असे गृहीत धरू नका, पण प्रत्येक अर्जात बाकीच्यांचा उल्लेख करा.

---

दीपमाळ

जखमी जिवंत असेल तर? पीयूसीएलच्या सूचना गंभीर दुखापतीलाही शक्य तितक्या लागू आहेत. दंडाधिकाऱ्याने किंवा डॉक्टरने जबानी घ्यायची, आणि तो शुद्धीवर, जबानी द्यायला सक्षम असल्याचा दाखला सोबत हवा. पायावर गोळी मारल्याच्या प्रकरणांत हे कोणी मागतच नाही.

---

खाजन

तक्रार अर्जात पोलिसांची नावे ठाऊक नसतील तर?

---

पाटाचे_पाणी

नावे नसली तरी चालेल. तारीख, वेळ, जागा, वाहनाचा क्रमांक, गणवेशात होते की साध्या कपड्यांत, एवढे लिहा. आणि अर्जातच मागणी करा की त्या दिवसाची स्टेशन डायरी, ड्युटी वाटपाची नोंद, शस्त्रागाराची नोंदवही आणि वाहनाचे लॉगबुक प्राधिकरणाने ताब्यात घ्यावे. या चार वह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या की कोण कुठे होते आणि कोणाच्या हातात कोणते हत्यार होते ते बाहेर येते. एका वहीत खाडाखोड करणे सोपे, चारही वह्यांत एकाच वेळी करणे अवघड. मूळ वह्याच मागा, झेरॉक्स नको, कारण शाई बदललेली झेरॉक्समध्ये दिसत नाही.